तिसऱ्या गाण्यातला पेला

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा घंटा, पटांगण, डबा खाण्याची जागा आणि छडी या विषयांवर माझे वर्गबंधू भरपूर लिहितील, याची मला खात्री होती. मी मात्र 'हॉट टूना' नावाच्या एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेविषयी लिहिणार आहे. मिरजेतल्या मराठी शाळेच्या स्मरणिकेत तिचे काय काम, असा प्रश्न वाचकाला पडेल. पण ती ध्वनिमुद्रिका ऐकायचा कान मला आठवीत असताना या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळाला, आणि तोही माझ्या हातून झालेल्या एका घोटाळ्यामुळे.

साल 1981. समूहगीत स्पर्धेची तयारी चालली होती, आणि आपले गाणे आपल्यालाच कसे ऐकू येते हे मुलांना कळावे, म्हणून आमच्या विज्ञानाच्या सरांनी घरचा टेपरेकॉर्डर आणला होता. माझा आवाज त्या वर्षी फुटत असल्याने मला गाण्यातून काढून पेटीजवळ पाण्याचा पेला घेऊन उभे केले होते. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर माझ्या कोपराचा धक्का लागून स्टीलचा तो पेला शहाबादी फरशीवर पडला आणि गोल गोल फिरत भिंतीपर्यंत गेला. गाणारे थांबले नाहीत. गाणे संपल्यावर पुन्हा टेप करू या, असा सगळ्यांनी धोशा लावला, सर मात्र शांतपणे म्हणाले, "गाणं चांगलं झालंय. पेला खोलीत होता, म्हणून तो टेपवर आला. तो कशाला पुसायचा?" पुढे ध्वनीचा धडा शिकवताना त्यांनी तीच कॅसेट वर्गात अनेकदा लावली, आणि पेला कोणत्या बाजूला पडला, तो किती वेळ घुमला, फरशीऐवजी सतरंजी असती तर काय झाले असते, असे प्रश्न विचारून माझी पुरेशी शोभा केली.

पुढे पुण्यात अभियांत्रिकीला असताना वसतिगृहातल्या माझ्या सोबत्याने मला एक कॅसेट भरून दिली. त्याच्या भावाने अमेरिकेहून आणलेल्या मूळ कॅसेटवरून, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, त्या काळच्या आपल्या सर्वांच्या पद्धतीने ती भरलेली होती. वेष्टनावर बॉलपेनने 'हॉट टूना' एवढेच लिहिले होते. पहिली दोन गाणी मी भारावून ऐकली. तिसऱ्या गाण्यात काच फुटल्याचा स्पष्ट आवाज आला, आणि मी सोबत्याला जाऊन विचारले की, कॅसेट भरताना तुझ्या खोलीत काय फुटले? त्याने शपथ घेऊन सांगितले की, काहीही फुटले नाही. आमचा हा वाद दोन दिवस चालला. शेवटी मूळ कॅसेट लावली, तर तिच्यातही काच त्याच जागी फुटत होती.

ती काच फुटली होती सप्टेंबर 1969 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात, न्यू ऑर्लिन्स हाउस नावाच्या एका लहानशा क्लबमध्ये. पेला बिअरचा होता. (स्मरणिकेत हा उल्लेख आल्याबद्दल संपादक मंडळाने क्षमा करावी, पेल्यात ताक होते असे लिहिणे मला जमले नाही.) व्यासपीठावर योर्मा काउकोनन हा अठ्ठावीस वर्षांचा गिटारवादक गात होता, त्याच्या शेजारी जॅक कॅसडी बेस, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवत होता, आणि विल स्कारलेट हार्मोनिकावर (माउथ ऑर्गनवर) साथीला होता. ढोल नाही, ड्रम नाही. आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपनीने 1970 साली हे ध्वनिमुद्रण बाजारात आणले आणि पेल्याचा आवाज जसाच्या तसा राहू दिला. त्यामुळे या ध्वनिमुद्रिकेचे चाहते आजही तिला 'काच फुटलेली तबकडी' म्हणूनच ओळखतात.

काउकोनन आणि कॅसडी हे काही अनोळखी कलावंत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेफरसन एअरप्लेन या गाजलेल्या रॉक वाद्यवृंदाचे ते दोघे आधारस्तंभ होते. ऑगस्ट 1969 मध्ये, म्हणजे या ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम महिनाभर आधी, ते वुडस्टॉकच्या महोत्सवात पहाटे व्यासपीठावर चढले होते आणि समोर सुमारे चार लाखांचा जनसमुदाय होता. पेला ज्यात फुटतो ते 'अंकल सॅम ब्लूज' काउकोनन तिथेही गायला होता, विजेच्या गिटारवर, प्रचंड ध्वनिवर्धकांतून. सरकार माणसाला घरातून उचलून सैन्यात नेते, त्याचे हे जुने गाणे. व्हिएतनामच्या युद्धात तरुणांची सक्तीची भरती चालू असताना ते पुन्हा ताजे झाले होते. दोन्ही मुद्रणे मी ऐकली आहेत. वुडस्टॉकच्या मुद्रणात ते गाणे समुदायासाठी आहे. बर्कलीच्या मुद्रणात मात्र ज्याला नेणार आहेत, तो माणूस आपल्यापासून दोन हातांवर बसून, फारसा न रागावता, आपली हकीकत सांगतो आहे असे वाटते. मला दुसरे अधिक भिडते, आणि त्याचे कारण आवाज कमी आहे एवढेच नाही.

हे कारण समजायला मला मिरजेचाच उपयोग झाला. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी मीरासाहेबांच्या दर्ग्यात, उरुसाच्या वेळी, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली अंगणात बसून ऐकल्या आहेत. तिथे गायक तानपुरे मिळवतो तेव्हाही आपण ऐकतच असतो. कोणी खोकतो, कोणी 'वाहवा' म्हणतो, लहान मूल रडते, आणि गाणारा या सगळ्यांमधून वाट काढत सुरावर येतो. अशा मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे बाळगणारे लोक मिरजेत घरोघर होते, आणि स्टुडिओत केलेल्या तीन मिनिटांच्या तबकडीपेक्षा त्या खरखरत्या फिती त्यांना प्रिय का होत्या, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. गायक आता काय करील, हे गायकालाही ठाऊक नसते, ही शक्यता त्या फितींत शाबूत असते. बर्कलीच्या तबकडीत मला तेच सापडले. 'हेझिटेशन ब्लूज'ने ती सुरू होते. किती वाट पाहायची, आता भेटशील की अजून घुटमळत राहू, असे विचारणारे ते गाणे दर कडव्याला त्याच प्रश्नावर येते, जसे आपले भजन धृपदावर येते. आणि दर खेपेला काउकोननची बोटे थोडी वेगळी उत्तरे देतात.

बोटांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या तबकडीचा प्राण तिथे आहे. काउकोनन उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या घालून वाजवतो. अंगठा खालच्या खर्जाच्या तारांवर आळीपाळीने सारखा ठेका धरतो आणि बोटे वरच्या तारांवर गाणे गातात, त्यामुळे एकच माणूस तबला आणि पेटी दोन्ही सांभाळतो आहे असा भास होतो. ही विद्या त्याने ओहायोतल्या अँटिऑक महाविद्यालयात शिकताना इयन ब्यूकॅनन या गिटारवादकाकडून घेतली, आणि ब्यूकॅननच्या विद्येचे मूळ होते रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांच्यापाशी. डेव्हिस 1896 साली दक्षिण कॅरोलिनात जन्मले. लहानपणीच दृष्टी गेली. आईला झालेल्या आठ मुलांपैकी मोठी होईपर्यंत जगली ती फक्त दोन, त्यांतले ते एक. पुढे ते बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाले, न्यूयॉर्कला आले, हार्लेमच्या रस्त्यांवर गाऊन पोट भरले आणि घरी येणाऱ्या तरुणांना गिटार शिकवली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, एवढ्या दोनच बोटांवर ते सगळा पसारा उभा करीत. 1972 साली ते वारले, म्हणजे शिष्याच्या शिष्याने ही तबकडी केली तेव्हा गुरू हयात होते. आपल्याकडे याला घराणे म्हणतात आणि नाव घेताना कानाला हात लावतात. तिकडे तसा शब्द नसला, तरी व्यवहार तोच आहे.

पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे डेव्हिस यांचे आहे, 'डेथ डोन्ट हॅव नो मर्सी'. मृत्यू तुमच्या घरी येतो, फार वेळ थांबत नाही, पण मागे वळून पाहाल तर घरातले कोणीतरी गेलेले असते, अशा आशयाचे ते गाणे ज्याने सहा भावंडे गमावली त्याने रचलेले आहे, हे माहीत नसतानाही मी हॉस्टेलच्या खोलीत दिवा मालवून ते ऐकत असे. काउकोनन ते गाताना आवाज चढवीत नाही. कॅसडीचा बेस त्याच्या खालून इतक्या सावकाश चालतो की, पुढची पायरी आहे की नाही याची एक क्षण शंका यावी. डेव्हिस यांनी स्वतः 1960 साली केलेले मुद्रण मी पुढे ऐकले. ते अधिक उग्र आहे आणि मूळ म्हणून त्याचा मान मोठा आहे; पण मला आधी शिष्य भेटला, आणि पहिल्या भेटीचा पक्षपात माझ्या मनातून गेलेला नाही, हे कबूल करतो.

अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या वाद्यांची, म्हणून गाजलेल्या या तबकडीतला कॅसडीचा बेस विजेवर चालणारा आहे, यावर काही सोवळे रसिक नाक मुरडतात. मला तो आक्षेप फारसा पटत नाही. बेसचा स्वर इतका गोल आणि दबका ठेवला आहे की, लाकडी गिटारच्या पोटातूनच तो निघाल्यासारखा वाटतो. शिवाय आपल्या मैफलीत मायक्रोफोन आला तेव्हाही सोवळ्यांनी असेच म्हटले होते आणि नंतर तेच पहिल्या रांगेत बसले. हार्मोनिकाविषयी मात्र मी तेवढा उदार नाही. दोन-तीन ठिकाणी ती गाण्याच्या अंगावर येते.

ब्लूज गायक लेरॉय कारने 1928 साली ध्वनिमुद्रित केलेले एक गाणे, जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनची दोन गाणी, काही परंपरेने आलेली आणि शेवटी काउकोननच्या स्वतःच्या दोन रचना, अशी ही सामग्री आहे. म्हणजे त्या रात्रीही यातले बरेचसे जुनेच होते. त्या वर्षीच्या फॅशनचे त्यात जवळजवळ काही नसल्यामुळे त्यातले शिळे होण्यासारखेही फारसे काही नव्हते. त्याच सुमाराच्या कित्येक रॉक तबकड्या आज ऐकताना त्यांचे कपडे आधी दिसतात. हिच्यात लाकूड, तार, श्वास आणि खोली एवढेच ऐकू येते. काउकोनन आणि कॅसडी यांनी पुढे पन्नासहून अधिक वर्षे ही जोडी चालू ठेवली आणि ही गाणी शेकडो वेळा, बहुधा अधिक सफाईने वाजवली. त्यांची नंतरची मुद्रणे मी घेतली, ऐकली, नीट लावून ठेवली. पुन्हा पुन्हा काढतो ती मात्र हीच. पुण्यातली ती कॅसेट टेपरेकॉर्डरने खाल्ली, पेन्सिलीने फीत गुंडाळूनही ती वाचली नाही. मग सीडी आली, आता फोनवर आहे. आवाज दर खेपेला अधिक स्वच्छ होत गेला आणि पेला दर खेपेला अधिक जवळ फुटू लागला.

मागच्या दिवाळीत मिरजेला आलो, तेव्हा सतारमेकर गल्लीत वर्गमित्राच्या दुकानात बसलो होतो. आठवीत तो समूहगीतात पहिल्या रांगेत उभा असे. आता वडिलांच्या जागी बसून तानपुरे करतो. घोडीवर दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावण्याचे त्याचे काम चालले होते, आणि मी सहज फोनवर ही तबकडी लावली. पहिली दोन गाणी त्याने मान खाली घालूनच ऐकली. मध्येच एवढे म्हणाला की, या गिटारला जवारी नसली तरी वरची तार थोडी बोलते आहे, आणि वाजवणाऱ्याला ती तशीच हवी आहे. मग तिसरे गाणे लागले. मी काहीही सांगितले नव्हते. काच फुटली तेव्हा त्याच्या हातातला दोरा थांबला, त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तिथंही तूच होतास काय?"