तुम्ही विचारलंत म्हणून: टपाला काय लावता?

सात रस्त्याच्या सिग्नलला जीप थांबली की शेजारच्या दुचाकीवरचा कुणीतरी हात लांब करून टपाला, म्हणजे वरच्या कापडी छताला, बोट लावतो. पेट्रोल पंपावर तेच, लग्नाच्या मांडवाबाहेर तेच. "मालक, काय लावता ओ याला? अजून एवढा काळा कसा?" टप नऊ वर्षांचा आहे आणि सोलापूरच्या उन्हात उभा असतो, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण सिग्नल सुटतो आणि उत्तर अर्धंच राहतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

लावतो ते वर्षातून दोनदा, आणि तेही सगळ्यात शेवटी. टप टिकलाय तो धुण्याने. गाडी धुताना आपल्या डोळ्यांपुढे पत्रा असतो: फेस करा, फवारा मारा, पुसा, चमकवा. टप हे कापड आहे. विणलेलं, शिवलेलं, घडी घालायचं कापड. त्याच्या पोटात धूळ जाते, साबण जातो, आणि आत गेलेलं परत बाहेर काढावं लागतं. चादरी आणि टॉवेलांवर वाढलेल्या गावात हे सांगावं लागू नये, पण गाडीवर चढलं की कापडाला आपण कापड समजत नाही.

आधी आपला टप कशाचा आहे ते ओळखा. रेक्झीनचा असेल तर ते कापडावर चढवलेलं पीव्हीसी आहे. पीव्हीसी मुळात कडक. त्यात तेलासारखं द्रव्य घालून ते मऊ करतात. वर्षानुवर्षांच्या उन्हात ते द्रव्य निघून जातं आणि टप घडीवर तडकतो. दुसरा प्रकार तीन थरांच्या कापडाचा: वर ऍक्रिलिकची वीण, मधे रबराचा पातळ पडदा, आत अस्तर. पाणी अडवतं ते मधलं रबर. वरच्या विणीवर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात ते तिच्यावरच्या फिनिशमुळे, म्हणजे पाणी झटकणाऱ्या पातळ लेपामुळे. फिनिश गेलं म्हणून टप लगेच गळत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त राहतात. पण वरचं कापड पाणी प्यायला लागतं, तासन्‌तास ओलं राहतं, त्या ओलीवर धूळ बसते आणि बुरशीला घर मिळतं.

माझा टप या दुसऱ्या जातीचा. वडिलांची उभी हयात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत चादरींच्या डाईंगमध्ये गेली. कोणतंही कापड हातात आलं की ते आधी उलटं करायचे, मग अंगठा ओला करून जोरात घासायचे आणि अंगठा उजेडात धरायचे. नवा टप शिवून आला त्या संध्याकाळी त्यांनी तेच केलं. अंगठा कोरा निघाला. "हे सूत नंतर रंगवलेलं नाही, रंगासकटच काढलंय," म्हणाले. तसंच असतं ते: अशा ऍक्रिलिकमध्ये तंतू तयार होण्याआधीच, पातळ द्रावात रंग मिसळतात. त्यामुळे रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत असतो आणि उन्हाला दाद देत नाही. अशा टपाला मळका, पांढरट रंग येतो तेव्हा बहुतेक वेळा रंग उडालेला नसतो. वर धूळ, साबण आणि क्षार बसलेले असतात. एवढं लक्षात आलं तरी निम्मे टप बदलायचे वाचतील.

हे मी नुकसान करून शिकलो. आधीचा टप रेक्झीनचा होता. एका वॉशिंग सेंटरवर पोराने प्रेशरचा पाइप थेट शिवणीवर धरला आणि वर टायरला मारतात तो चमकवायचा स्प्रे मारून दिला. चार दिवस टप नव्यासारखा दिसला. मग त्या तेलकटपणावर धूळ चिकटत गेली, घासून निघेना, आणि जूनच्या पहिल्या पावसात शिवणीतून पाणी थेट माझ्या मांडीवर. कापड शाबूत, पण शिवणीचा दोरा सैल झालेला. तेव्हापासून टपावर प्रेशर नाही, ब्रश फिरवणारं मशीन नाही, चमक आणणारं काहीही नाही.

आता धुणं. पहिलं काम कोरडं. व्हॅक्यूमच्या ब्रशने किंवा मऊ केसांच्या ब्रशने सगळी धूळ काढा, विशेषतः शिवणीच्या कडेची. इथे घाई केली तर काळ्या मातीची धूळ भिजून चिखल होते आणि विणीत जाऊन बसते. साखर कारखान्यांचा हंगाम असेल तर काजळी पडलेली असते. तिला बोट लावलं की तेलासारखी रेघ उमटते, म्हणून ती फुंकून नाहीतर व्हॅक्यूमनेच काढायची, हाताने झटकायची नाही.

मग पाणी, आणि इथेच सोलापुरात घोडं पेंड खातं. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट सुटत नाही, आणि वाळल्यावर काळ्या कापडावर क्षारांचे पांढरे नकाशे उमटतात. पिण्याच्या पाण्याच्या आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया पाणी वापरा असं बरेच जण सुचवतात. ते वापरू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. मी नळाला पाणी येतं त्या दिवशी दोन पिंपं भरून ठेवतो आणि टप दुसऱ्या दिवशी धुतो. शेवटच्या हाताला पन्हाळीखाली धरलेलं पावसाचं पाणी किंवा एसीच्या नळीतून गळलेलं पाणी मिळालं तर फारच उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात गाडीवर पाणी ओतायचं म्हणजे जीव खाली-वर होतो, म्हणून तेच पाणी उतारावरून कडुनिंबाच्या आळ्यात जाईल अशी गाडी लावतो.

साबण सौम्य, द्रवरूप. कपड्यांची पावडर नको, ती फिनिश उतरवते. ब्लीच तर मुळीच नको. एक वेळ ऍक्रिलिक ते सोसेल, शिवणीचा दोरा सोसणार नाही. सकाळी सहाला सावलीत सुरू करायचं, कारण एप्रिलमध्ये आठला साबण कापडावरच वाळायला लागतो. एका वेळी हात पुरेल तेवढाच तुकडा घ्यायचा आणि ब्रश दाब न देता गोल फिरवायचा. पहिला फेस चहासारखा तपकिरी निघतो. तो पांढरा निघेपर्यंत पुन्हा. नंतर धुवायचं, आणि धुऊन झालंसं वाटलं की पांढरा ओला कपडा टपावर दाबून बघायचा. कपड्यावर बुडबुडे दिसले तर साबण अजून आत आहे. राहिलेला साबण धूळ ओढतो आणि वर लावलेलं काही धरू देत नाही.

पुसायला मी मायक्रोफायबर वापरतो. आपला सोलापुरी टॉवेल पाणी उत्तम टिपतो, पण कापडी टपावर त्याचे रोवे राहतात आणि ते वेचत बसावं लागतं. रेक्झीनवर मात्र त्याच्यासारखं काही नाही, फक्त दहा-बारा धुण्यांत मुरलेला असू द्या. कोरा टॉवेल पाणी पुढे ढकलतो.

आणि आता तुमचा प्रश्न. काय लावतो? कापडाला कापडाचं वॉटरप्रूफिंग, म्हणजे फ्लोरोपॉलिमरचा स्प्रे. रेक्झीनला उन्हापासून वाचवणारं, पाण्यासारखं, तेलकट नसलेलं प्रोटेक्टंट. ह्याचं त्याला लावायचं नाही. टप पूर्ण कोरडा हवा. मधल्या रबरामुळे तो वरच्याच बाजूने वाळतो, म्हणून मी अख्खा दिवस जाऊ देतो. काचा आणि बॉनेट जुन्या चादरीने झाकतो, दोन पातळ हात मारतो, आणि पुढचा दिवसभर पाणी लागू देत नाही. आपली कोरडी हवा इथे मोठी मदत करते. पहिली वेळ मृगाच्या आधी, दुसरी दिवाळीनंतर. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो, त्यामुळे जूनमधलं फिनिश तिथवर टिकायला हवं.

सप्टेंबरवरून आठवलं. एका वर्षी नळदुर्गला नर-मादी धबधबा बघायला गेलो. येताना भिजलो, आणि मागचा पडदा ओलाच गुंडाळून बांधला. मग पंधरा दिवस गाडीकडे फिरकलो नाही. उघडला तेव्हा अस्तरावर मोहरीएवढे काळे ठिपके आणि बंद कपाटाचा वास. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून तीनदा पुसलं, उन्हात वाळवलं. वास गेला. ठिपके आजही आहेत. माझ्या या टपावरचा हा एकच डाग, आणि तो सोलापूरच्या उन्हाने पाडलेला नाही, माझ्या आळसाने पाडलाय. टप ओला असताना घडी घालू नका. घालावीच लागली तर घरी पोचल्या पोचल्या उघडा, रात्रीचे बारा वाजले तरी.

पुण्यातल्या पुतण्याच्या कन्व्हर्टिबल गाडीचा टप बटणावर मिटतो, तिलाही हेच लागू. तिच्यात आणखी एक: टप मिटून बसतो त्या खोबणीतून पाणी जायला बारीक नळ्या असतात. पाला अडकून त्या तुंबल्या की पाणी आत सीटखाली उतरतं. पावसाळ्याआधी तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघायचं.

मागची पारदर्शक खिडकी प्लॅस्टिकची असेल तर तिला काच समजू नका. अमोनियाचं ग्लास क्लीनर तिला धुरकट करतं, कोरडं फडकं ओरखडे पाडतं. आधी पाण्याने धूळ वाहू द्या, मग ओल्या सुती कापडाने टिपा, आणि गुंडाळताना मधे मऊ कापड घाला. कबुतरांची विष्ठा खरवडायची नाही. ओला कपडा दहा मिनिटं ठेवला की ती सुटून येते. टपाच्या चेनला, म्हणजे झिपला, मेणबत्ती घासा.

परवा गल्लीतला एक मुलगा त्याची जीप घेऊन आला. नवा टप शिवायचा भाव काढून बसला होता, आकडा ऐकून आईने घरात विषय बंद केलेला. म्हटलं थांब, आणि तांब्याभर पाणी टपावर ओतलं. कडेला मोती झाले. मधे, भाकरीएवढ्या जागेत, कापड काळं पडून पाणी आत गेलं. अंगठा ओला करून त्या जागेवर घासला, उजेडात धरला: राखाडी मळ, रंग नाही. मग त्याचा अंगठा घासायला लावला. गुरुवारी नळाला पाणी येणार आहे, शुक्रवारी पहाटे सहाला त्याला बोलावलंय. ब्रश माझा, पिंपं त्याची.