सहाव्या पेल्यातले पाणी

श्रावणात वर्धा नदीचे पाणी दूध घातलेल्या चहासारखे दिसते. गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी त्या पाण्याचा एक कॅन सायकलच्या कॅरिअरला बांधून शाळेत आणला, कारण आम्ल आणि आम्लारी हा धडा मला या खेपेला लिटमसच्या कागदापासून सुरू करायचा नव्हता. आजवर मी तो तसाच शिकवत आले: निळा लिटमस तांबडा झाला की आम्ल, तांबडा निळा झाला की आम्लारी, लिहा वहीत. मुले लिहितात. प्रात्यक्षिकाच्या वहीतील निरीक्षणाचा रकाना पुष्कळदा प्रयोगाच्या आदल्या दिवशीच भरलेला असतो, आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

आम्ही किराणा दुकानातून तुरटी आणली, ती कुटून त्यातील १० ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवली. म्हणजे द्रावणाच्या दर मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम तुरटी झाली. काचेच्या सहा मोठ्या पेल्यांत अर्धा-अर्धा लिटर गढूळ पाणी घेतले. पहिल्या पाच पेल्यांत हे द्रावण अनुक्रमे १ ते ५ मिलिलिटर घातले आणि सहाव्यात, वर्गाच्या आग्रहावरून, एकदम ५०. जितकी तुरटी जास्त तितके पाणी स्वच्छ, असे वर्गाचे जवळजवळ एकमत होते. मिनिटभर जोराने आणि मग दहा मिनिटे अगदी हळूहळू ढवळून पेले बाकावर ठेवून दिले.

अर्ध्या तासाने तिसऱ्या पेल्याच्या तळाशी तपकिरी साका बसला होता आणि वरच्या पाण्यातून पलीकडच्या वहीवरील अक्षर वाचता येत होते. चौथा आणि पाचवा पेला जवळपास तसाच. त्यांत जादा तुरटीने काही जादा मिळवून दिले नव्हते. सहावा मात्र गढूळच राहिला. एका मुलीने न सांगता त्यात निळा लिटमस बुडवला आणि तो तांबडा झाला. ‘मॅडम, औषध जास्त झालं,’ ती म्हणाली. त्या तासाचा विषय तिथे सुरू झाला असे मी मानते, माझ्या प्रास्ताविकापाशी नव्हे.

मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असतो. ते एकमेकांना दूर सारतात आणि म्हणून तासन्‌तास तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनिअम हा प्रभार शमवते आणि पाण्यातील बायकार्बोनेटशी अभिक्रिया होऊन ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे जे भुरभुरीत पुंजके तयार होतात, ते मातीला कवेत घेऊन खाली बसतात. या व्यवहारात पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल शमवण्याची त्याची ताकद, खर्च होते. तिसऱ्या पेल्यातल्या लिटरमागे ६० मिलिग्रॅम तुरटीसाठी नदीच्या पाण्यातील अल्कता पुरून उरते. सहाव्यातल्या १,००० मिलिग्रॅमसाठी ती पुरत नाही. ती संपली की पाणी आम्लधर्मी होते, हायड्रॉक्साइडचे पुंजके धरत नाहीत आणि ॲल्युमिनिअम विरघळलेलेच राहते. मग आम्ही सहाव्या पेल्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घालत गेलो. जवळपास तुरटीच्या द्रावणाइतकीच निवळी पोटात गेल्यावर त्या पाण्यात एकाएकी पांढुरके पुंजके दिसू लागले, आणि मागच्या बाकावरची मुले उभी राहिली.

निवळी या शब्दाशी मी थोडी रेंगाळले. चुन्याचे पाणी निवळते ती निवळी, आणि ज्या झाडाच्या बिया उगाळून पूर्वी घरोघर पाणी निवळवीत तीही निवळीच. तिला संस्कृतात कतक म्हणतात, आणि कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, अशा अर्थाचे एक जुने वचन आहे. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांच्या पहिल्या पानावर ते छापायला हरकत नाही.

सहा पेल्यांचा हा खेळ माझा नाही. नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पावसाळ्यात हेच करतात. तिथे एकाच मोटरीवर फिरणारी सहा पाती असतात आणि या चाचणीला जार टेस्ट म्हणतात. नदीचा गढूळपणा बदलला की मात्रा बदलते, म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते. शाळेतील रसायनशास्त्र आणि उपयोजित संशोधन यांच्यामध्ये जी दरी आहे, ती मला या एका शब्दात दिसते: मात्रा. आम्ही काय होते ते शिकवतो. किती घातले तर होते, त्याला किती पैसे पडतात आणि झाल्यावर मागे काय उरते, हे तीन प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत नसतात, आणि प्रयोगशाळेतला शोध लोकांच्या घरी पोचतो की नाही हे नेमके त्यांवरच ठरते.

याचे उदाहरण आमच्या दारातच आहे. महाराष्ट्राचा बराच भाग बेसॉल्टवर वसलेला असला तरी यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या काही भागांत खडक बदलतो आणि विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड सापडते. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते; त्यापुढे वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडेही धरतात. असे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, त्याला वास नसतो आणि उकळून काहीच साधत नाही, उलट पाणी आटते तसे फ्लोराइडचे प्रमाण वाढते.

नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिथल्या संशोधकांनी फ्लोराइडसाठी जी पद्धत बसवली ती तेलंगणातील एका जिल्ह्याच्या नावाने नलगोंडा तंत्र म्हणून ओळखली जाते. तिच्यात वापरायचे पदार्थ पाहून मुले हिरमुसली: तुरटी, चुना, ब्लिचिंग पावडर. (ही तुरटी म्हणजे शुद्धीकरण केंद्रात वापरतात ते ॲल्युमिनिअम सल्फेट, दाढीनंतर लावतात तिच्यात पोटॅशिअमही असते.) हायड्रॉक्साइडचे पुंजके फ्लोराइडला धरून खाली बसतात, चुना पाण्याला आम्लधर्मी होऊ देत नाही आणि ब्लिचिंग पावडर जंतू मारते. नवा पदार्थ एकही नाही. संशोधन आहे ते मात्रेत: फ्लोराइड किती आणि पाण्याची अल्कता किती, या दोन आकड्यांवरून तुरटी ठरते. ती लिटरला काहीशे मिलिग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे आमच्या तिसऱ्या पेल्याच्या कितीतरी पट, आणि चुना साधारण तिच्या विसाव्या भागाइतका. पाणी तपासून घेतल्याशिवाय हा प्रकार घरी करू नये, हे मी वर्गात दोनदा सांगितले.

मला स्वतःला या तंत्रातील घरगुती बादलीचे फार कौतुक वाटते. तिची तोटी तळापासून ३ ते ५ सेंटिमीटर वर बसवतात. दहा मिनिटे ढवळायचे, तासभर थांबायचे, मग तोटी सोडायची. साका तोटीच्या खाली राहतो आणि पाणी गाळायला उपकरण लागत नाही. तोटी किती उंचीवर हवी, हा प्रश्न रसायनशास्त्राचाच आहे, हे मुलांना पटवायला मला अर्धा तास लागला, कारण त्यांच्या लेखी रसायनशास्त्र म्हणजे संतुलित करायचे समीकरण.

तंत्राच्या मर्यादाही सांगाव्या लागल्या. पाण्यात थोडे ॲल्युमिनिअम मागे राहू शकते, सल्फेट वाढते आणि रोज कोणीतरी मोजून घालणारे माणूस लागते. लिटरला ५०० मिलिग्रॅम धरले तर ४० लिटरच्या एका बादलीला २० ग्रॅम तुरटी होते, असा हिशेब एका मुलाने फळ्यावर मांडला, वर्षाला ७.३ किलो. त्यावर लिटमस बुडवणाऱ्या त्याच मुलीने विचारले, ‘मग मॅडम, खाली बसलेलं फ्लोराइड टाकायचं कुठे? अंगणात ओतलं तर परत विहिरीतच जाईल ना?’

सहा पेल्यांचा साका आम्ही एका मातीच्या कुंडीत काढून ठेवला होता. त्यात फ्लोराइड नाही, नुसती वर्धेची माती आणि तुरटी आहे, पण किती साका निघतो ते तरी त्यावरून कळेल. तो वाळून त्याला भेगा पडल्या आहेत. तराजूचे एक वजन हरवल्यामुळे तो अजून तोलायचा राहिला आहे.