बोटीवर सुऱ्या किती?

आमच्या किनाऱ्यावरच्या मारामाऱ्यांत हत्यार कुठून आणलं हा प्रश्न सहसा येत नाही. बागेत कोयता, पडवीत कुऱ्हाड, बोटीवर सुरी. हातात आधीपासून असतंच, भांडण नंतर होतं. मी इतकी वर्षं रत्नागिरीत फौजदारी कामं चालवतो, पण एकाच हत्याराबद्दल तीन साक्षीदारांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिघेही खरं बोलत होते, असं प्रकरण हे एकच.

2024 चे नवे फौजदारी कायदे यायच्या आधीचं हे काम. आरोप दंड संहितेच्या कलम 307 चा, म्हणजे खुनाचा प्रयत्न. 1 जून ते 31 जुलैची बंदी उठून बोटी नुकत्या सुटल्या होत्या. पहाटे, उजाडायच्या आधी, तालुक्यातल्या एका जेटीला ट्रॉलर लागला. माल उतरत असताना दोन खलाशांत उचलीच्या पैशांवरून जुंपली. एकाच्या दंडावर आणि बरगडीखाली जखम झाली. दुसऱ्याला पोलिसांनी तासाभरात धरला. तो नेपाळचा, विशीतला पोरगा. आमच्या आंब्याच्या बागा आणि मासेमारीच्या बोटी ज्यांच्या जिवावर चालतात त्यांच्यातला एक, पण जामीन राहायला इथं त्याचं कोण? तो आत राहिला आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याचं वकीलपत्र माझ्याकडे आलं.

दोषारोपपत्र वाचलं तेव्हा सुरीची कथा सरळ होती. घटना घडली त्या सकाळी घटनास्थळाचा पंचनामा झाला, त्यात सुरी नाही. बोट तोवर पाणी मारून धुतलेली होती. त्यात मला काही काळंबेरं वाटलं नाही, मासळी उतरली की बोट धुतातच. दोन दिवसांनी आरोपीने पंचांसमोर निवेदन केलं, बोटीवर नेलं आणि नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, गुंडाळून ठेवलेल्या दोरखंडाच्या वेटोळ्यातून सुरी काढून दिली. लाकडी मूठ, पातं साधारण वीतभर. पुरावा कायद्याच्या कलम 27 खालची ही जप्ती. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग चालतो. 1946 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टाया खटल्यात त्याची मर्यादा आखून दिली, आणि आम्ही वकील तेव्हापासून त्याच रेषेवर भांडतोय.

सुरीवर मानवी रक्त आहे, गट निश्चित करता आला नाही, असं रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात होतं. मासळीच्या बोटीवरच्या सुरीला रक्त नसतं तरच नवल. पण माणसाचं आणि मासळीचं रक्त प्रयोगशाळेत वेगळं ओळखता येतं, त्यामुळे तेवढ्याने भागत नव्हतं.

तो दिवस तांडेल, मासळीवाली आणि पंच अशा तिघांच्या साक्षीचा होता.

तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य खलाशी, पहिला. धुतलेला सदरा, पायांत नवी चप्पल, हात मात्र जाळं ओढणाऱ्याचेच. सरकारी वकिलांनी विचारलं, मारल्यावर आरोपीने सुरीचं काय केलं? तांडेल म्हणाला, "पाण्यात टाकलीन."

सरकारी वकील थबकले. पोलिसांनी लिहून घेतलेल्या त्याच्या जबाबात "सुरी बोटीत टाकली" असं होतं. त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यानेच घ्यायची नसते. त्यामुळे ती ओळ तांडेलाची की लिहिणाऱ्या हवालदाराची, हे कुणी सांगू शकत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "साहेब, मी बघितलंय. चमकली नि गेली. उजव्या अंगाला." मग मुद्देमालाचं पाकीट फोडलं. लाखेचं सील निघालं, आतून गंजाचा आणि मासळीचा वास आला. सुरी हातात दिली. हीच का? "अशीच असते." हीच का ते सांगा. "साहेब, ती पाण्यात गेली ना!"

कोर्टात कुणीतरी हसलं. सरकारी वकिलांनी साक्षीदाराला फितूर ठरवून उलटतपासाची परवानगी मागितली आणि ती मिळाली. सरकारचाच साक्षीदार, सगळ्यात जवळून बघणारा, आणि त्याच्यावर आरोपीला वाचवायला खोटं बोलत असल्याचा ठपका. वास्तविक त्याचं म्हणणं माझ्या पोराच्या दृष्टीने सगळ्यात वाईट होतं. मारून हत्यार समुद्रात फेकणारा माणूस घाबरून पुरावा नष्ट करणाराच दिसतो. पण ते पाकिटातल्या सुरीशी जुळत नव्हतं, म्हणून सरकार पक्षाने स्वतःच ते पुसायला घेतलं. मी गप्प बसून राहिलो. वकिलाला गप्प बसणं शिकायला फार वेळ लागतो.

माझी पाळी आली तेव्हा मी पाण्याचं नावही काढलं नाही.

"घटनेनंतर बोट पोलिसांनी अडकवून ठेवली होती?"

"नाय. सीझनला बोट बांधून कशी ठेवणार? दुसऱ्याच दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी आलो."

"सुरी ज्या दोरात सापडली म्हणतात, तो दोर कसला?"

"बोट बांधायचा."

"बोट सोडताना आणि परत लावताना तो दोर लागतो?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की या माणसाला सनद दिली कुणी. "नाय लागला तर बांधणार कशानं?"

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी स्वतः विचारलं, "बोटीवर सुऱ्या किती असतात?" तांडेल बोटं मोजायला लागला. ज्याची त्याची एक, जाळ्याची वेगळी, जेवणाची वेगळी, आणि एखादी कुणाची ते कुणालाच ठाऊक नसलेली.

दोन दिवसांत दोर सुटला, फेकला, पुन्हा गुंडाळला. पहाटेची सुरी त्यात राहणं शक्य नव्हतं. उघड्यावर सगळ्यांना हाताशी असलेल्या जागी वस्तू मिळाली एवढ्यावरून जप्ती खोटी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जीत सिंगच्या निकालात 1999 मध्ये सांगितलंय की ती नजरेआड होती का ते बघायचं. पण नजरेआड ठेवणारं वेटोळंच मधल्या काळात उलगडलं असेल, तर कसली नजर आणि कसली आड!

मग मासळीवाली आली. साठीच्या पुढची, जेटीवर लिलावाला बसणारी. मला तिची धास्ती होती, कारण तिच्या जबाबात "सुरी माझ्या टोपलीजवळ पडली" एवढंच होतं, कुणाची ते नव्हतं. अशा साक्षीदाराला जास्त विचारलं की ती काय बोलेल सांगता येत नाही. मी तिला मावशी म्हटलं. न्यायाधीशांनी भुवई उचलली, पण बोलले नाहीत.

"मावशी, सुरी पडलेली बघितलीत?"

"बघितली नाय, पायाला लागली. पायानंच सरकवली बाजूला. माझी म्हाकूल होती तिथं."

"कुणाच्या हातातून पडली?"

"ज्याला लागलं ना, त्याच्या. तो मागं मागं येत होता."

जखमी माणसाच्या हातातही सुरी होती, हे कागदांत कुठेच नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. त्या सुरीचं पुढे काय झालं, कोण उचलून घेऊन गेलं, हे तिला माहीत नव्हतं आणि त्याची फिकीरही नव्हती. म्हाकुलाला भाव किती मिळाला ते मात्र तिने न विचारता सांगितलं असतं.

पंच शेवटी. सोसायटीत नोकरी करणारा, सरळ माणूस. दोर उचलला, आत सुरी होती, मी बघितली, सही माझी. त्याला मी दोनच प्रश्न विचारून सोडला. खोटं पाडायला काही नव्हतंच. सुरी होती, तशी त्या बोटीवर कुठेही हात घातला असता तरी निघाली असती. पुढे कलम 313 च्या जबाबात कोर्टाने आरोपीला जप्तीबद्दल विचारलं तेव्हा त्याचं उत्तर नोंदलं गेलं: "छुरी पूछा, तो छुरी दिखाया." किसकी? "बोट की."

संध्याकाळी कोर्टाबाहेर तांडेलाने मला गाठलं. फितूर हा शब्द त्याला डसला होता. "मी कुणाकडनं पैशे घेतले? जे बघितलं ते सांगितलं ना?" मी त्याला ती कायद्यातली रीत आहे वगैरे समजावलं. त्याचं समाधान झालं नाही. जाता जाता त्याने विचारलं, जप्तीत नेलेला दोर कधी मिळणार, नवा घ्यायचा तर केवढ्याला पडतो ठाऊक आहे का तुम्हाला. मी म्हटलं, मालकाला अर्ज करायला सांगा.

डॉक्टरांची साक्ष पुढच्या तारखेला झाली. जखमा धारदार हत्याराच्या, पण साध्या. त्यांना तपासात सुरी दाखवलीच नव्हती. हत्यार डॉक्टरांना दाखवून मत घ्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने 1976 पासून सांगितलंय, आणि कोर्टात अजूनही डॉक्टर पहिल्यांदाच पाकीट बघतात. तपास अधिकाऱ्याला मी पाणबुड्या उतरवला का हे विचारलं नाही. का विचारीन?

निकालात न्यायाधीशांनी सुरीची जप्ती मानली नाही. जखमी माणसाची साक्ष मात्र मानली. हत्यार मला दिसलं नाही, पण हात याचाच होता, एवढं तो शेवटपर्यंत सांगत राहिला, आणि हत्यार मिळालं नाही म्हणून मारणारा सुटतो असं नसतं. अचानक भांडण, दोघांच्याही हातात सुरी, जखमा साध्या, म्हणून 307 उडालं आणि 324 वर, म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत केल्याबद्दल, शिक्षा झाली: आत काढले तेवढेच दिवस. तांडेलाबद्दल निकालपत्रात एक परिच्छेद आहे. फितूर झाला तरी त्याची साक्ष पूर्ण पुसली जात नाही, असा. पाण्यात काय गेलं यावर मात्र कोर्टाने मत दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती.

दोर मालकाला परत मिळाला. सुरी अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करण्याचा आदेश झाला. पोरगा कारागृहातून सुटला तेव्हा बोटमालकाचा माणूस बाहेर गाडी घेऊन उभा होता. त्या हंगामाची उचल अजून फिटायची होती.