तुम्ही विचारलंत म्हणून: तळटिपा तपासून वकिली येते का?

ठाणे-नवी मुंबईतले लॉचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक हमखास विचारतात: वकिली कोर्टात येते, मग कॉलेजच्या लॉ जर्नलसाठी दुसऱ्यांच्या तळटिपा तपासत का बसायचं?

कारण लेख लिहिणाऱ्यापेक्षा तो तपासणारा जास्त शिकतो, असं मला ठामपणे वाटतं.

समजा, खासगीपणाच्या हक्कावरच्या लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या खरकसिंग निकालाचा दाखला आहे. तपासणाऱ्यानं मूळ निकाल उघडायचा. हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या आधी छापलेल्या सारांशावर, भागवायचं नाही. ती न्यायाधीशांनी लिहिलेली नसते. मग पाहायचं, उतारा बहुमताचा आहे की न्या. सुब्बा राव यांच्या भिन्न मताचा? आणि तो निकाल आज टिकून आहे का? २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं त्यातला खासगीपणाचा हक्क नाकारणारा भाग फिरवला. पोलिसांनी रात्री घरी येऊन पाळत ठेवणं रद्द ठरवणारा भाग मात्र तसाच राहिला. त्यामुळे ‘ओव्हररूल्ड’ एवढंच लिहिणंही चूक. अशा एका तळटिपेला तास जातो, आणि तो सार्थकी लागतो.

कलमांचंही तसंच. फसवणुकीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ (४) झालंय, पण गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर भारतीय दंड संहिताच लागू. लेखात आधी गुन्ह्याची तारीख शोधायची सवय इथेच लागते.

विषय मात्र जवळचे घ्या. वाशी-नेरूळच्या अनेक सोसायट्या सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. तिथे मोफा (महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा) याच्या कलम ११ खालचं मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरनं हक्क नावावर करून दिला नाही तर अधिकाऱ्यामार्फत तो मिळवणं) झालं, तरी सोसायटीला मिळतो तो भाडेपट्ट्याचा हक्क. जमिनीची मालकी नव्हे. यावर नीट तपासलेला एक लेख रहिवाशांच्याही उपयोगी पडेल.

जर्नल नव्यानं काढत असाल, तर पहिल्या अंकात चारच लेख ठेवा. लेखकाचं नाव झाकून प्रत्येक लेख दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा, मतभेद झाला तर तिसऱ्यानं. दाखल्यात पान नव्हे, परिच्छेद क्रमांक द्या. निकाल छापणाऱ्या अहवालागणिक पानं बदलतात. लेखकाकडून पैसे घेऊन छापू नका. लेख परत पाठवण्याची हिंमत तिथेच संपते.

जर्नल बंद पडतं ते बहुतेकदा शेवटच्या वर्षाची मुलं निघून गेल्यावर. म्हणून प्रत्येक सीनियरनं शेवटच्या अंकात एका ज्युनियरला शेजारी बसवून निदान वीस तळटिपा तपासून घ्याव्यात. नुसती नियमावली मेल करून हे काम पुढे जात नाही.