तुम्ही विचारलंत म्हणून : मी त्यांना ‘अभिनेत्री’ का म्हणते

उपसंपादन शिकवताना मी इस्रो हेरगिरी प्रकरणाच्या बातम्या मुलांपुढे ठेवते. तास संपता संपता कुणीतरी हटकून विचारतं, “मॅडम, फौझिया हसन यांचं नाव आलं की तुम्ही दर वेळी ‘मालदीवच्या अभिनेत्री’ असं का म्हणता? लोक तर त्यांना त्या खटल्यामुळेच ओळखतात.” गेल्या महिन्यात एका वाचकाने पत्रातूनही हेच विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

१९९४ च्या नोव्हेंबरात मी एका मराठी दैनिकात शिकाऊ उपसंपादक होते. रात्रपाळी असायची. एजन्सीची इंग्रजी कॉपी फाडून समोर यायची आणि न्यूजप्रिंटच्या कापलेल्या कागदांवर आम्ही तिचं मराठी करायचो. एका रात्री तिरुवनंतपुरमची कॉपी आली. रॉकेटच्या इंजिनाची गुपितं पाकिस्तानला विकल्याचा संशय, इस्रोचे शास्त्रज्ञ, मालदीवच्या दोन बायका. मथळा मी दिला : ‘मालदीवच्या मोहिनी’. मुख्य उपसंपादकांनी मान डोलावली आणि बातमी पहिल्या पानावर गेली. दुसऱ्या दिवशी घरी सगळ्यांनी तो अंक कौतुकाने पाहिला. आईने कात्रण काढून ठेवलं. ते अजून माझ्याकडे आहे. वर्गात मी तेच दाखवते.

त्या दोघींपैकी एक फौझिया हसन. जन्म ८ जानेवारी १९४२ चा, म्हणजे त्या वेळी ५२ वर्षांच्या. लेकीच्या शिक्षणासाठी बंगळूरला आलेल्या. माझी आई तेव्हा ५० ची होती आणि माझ्या धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी गावोगाव फिरत होती. माझ्या मथळ्यातली ‘मोहिनी’ ती ही.

मागचा धागाही सांगायला हवा, कारण त्याचं एक टोक आपल्याकडे आहे. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले आणि सप्टेंबरात सुरतेत प्लेगने हाहाकार उडवला. तेव्हाची टेट्रासायक्लिनसाठी औषधांच्या दुकानांपुढे लागलेली रांग माझ्या पिढीला आठवत असेल. लोक नाकाला रुमाल बांधून लोकलमध्ये चढत होते. परदेशी विमानं बंद पडू लागली. फौझियांबरोबर आलेल्या मरियम रशीदा यांचं मालेला परतणं त्यातच लांबलं. मुक्कामाची मुदत उलटली आणि ऑक्टोबरात केरळ पोलिसांनी त्यांना अटक केली. नोव्हेंबरात फौझियांना धरलं. प्लेगच्या बातम्या मीच लावल्या होत्या, मालदीवचीही मीच लावली. दोन्हींचा काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, थोडक्यात सांगते. सीबीआयने तपास करून प्रकरण खोटं असल्याचा अहवाल १९९६ मध्ये दिला. न्यायालयाने तो स्वीकारून सहाही आरोपींना मोकळं केलं. तरी केरळ सरकारने पुन्हा तपास काढला. तो सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केला. या सगळ्यात फौझियांची तीन वर्षं केरळच्या तुरुंगात गेली. १९९७ च्या डिसेंबरात त्या सुटल्या. त्या सुटल्याची बातमी आमच्याकडे आली की नाही, मला आठवत नाही. आली असली तरी पहिल्या पानावर नव्हती.

आता अभिनेत्रीविषयी.

फौझियांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं, की कोठडीत त्यांना मारहाण झाली, लेकीचं नाव घेऊन धमकावलं गेलं आणि मग कॅमेऱ्यापुढे बसवून कबुली घेतली. शास्त्रज्ञाचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना. नंबी नारायणन. तो माणूस त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. तेव्हा कुणीतरी ते नाव कागदावर लिहून समोर धरलं आणि त्यांनी ते वाचलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही करू शकले नाही. संवाद पाठ होईना म्हणून समोर लिहून धरणं ही शूटिंगवरची रोजची गोष्ट. नट चुकला तर पुन्हा टेक होतो, पॅकअपनंतर सगळे घरी जातात. इथे एका बाईकडून दुसऱ्याने रचलेलं वाक्य वदवून घेतलं आणि ते खरं धरून सहा माणसांच्या आयुष्याची राख केली. मी तर त्या वाक्यावर मथळा चढवला होता.

मायदेशी परतलेल्या फौझियांनी काय केलं? १९९८ ते २००८ ही दहा वर्षं त्या मालदीवच्या राष्ट्रीय फिल्म सेन्सॉर मंडळात अधिकारी होत्या. आणि पडद्यावर काम केलं. त्यांच्या नावावर शंभराहून जास्त सिनेमे सांगितले जातात.

शंभर हा आकडा तिथल्या मानाने मोजायला हवा. मालदीवची लोकसंख्या, कामासाठी आलेले परदेशी लोक धरूनही, पाच लाखांच्या आसपास. आपल्या सोलापूर शहराच्या निम्म्याहून थोडी जास्त. तीही समुद्रात विखुरलेल्या बेटांवर. राजधानी मालेत ऑलिम्पस हे नावाजलेलं थिएटर, सिनेमा लागायचा तो तिथे. दिवेही भाषा त्या देशाबाहेर फारशी कुणाला कळत नाही, त्यामुळे सिनेमाचा प्रेक्षक मोजकाच आणि पैसाही बेताचा. नुसत्या अभिनयावर घर चालणं तिथे अवघड, बहुतेकांची दुसरी नोकरी असतेच. अशा ठिकाणी साठीकडे झुकलेल्या बाईला एकामागून एक सिनेमे मिळतात, याचा अर्थ दिग्दर्शकांना ती हवी असते आणि प्रेक्षकांना तिची सवय झालेली असते. आपल्याकडे प्रत्येक सिनेमात दिसणाऱ्या आई-आत्या आठवा. पोस्टरवर त्यांचा चेहरा नसतो, पण त्या पडद्यावर आल्या की थिएटरमधल्या बायका सावरून बसतात.

आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. माले हे काही किलोमीटरांचं शहर. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. परदेशात तुरुंगात जाऊन आलेली बाई तिथे घराबाहेर पडली की लोक वळून पाहणारच. तोंड लपवून राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. त्या कॅमेऱ्यासमोर गेल्या. ज्या यंत्रापुढे बसवून त्यांच्याकडून खोटं वदवलं होतं त्याच्यासमोर त्या पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी आपल्या मर्जीने, आपल्या भाषेत. मी याला धैर्य म्हणते आणि ‘अभिनेत्री’ हा शब्द मी त्यासाठी वापरते. तो त्यांनी कमावलेला आहे. दुसरा शब्द आम्ही त्यांच्यावर लादला होता.

दिवेही मला येत नाही. इंटरनेटवर त्या भाषेतले सिनेमे सापडतात. सबटायटल्स नसताना मी काही पाहिले, दोन-तीन तर पुन्हा पुन्हा. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, थाना, एक अक्षर कळत नाही. पण कान लावून बसलं की ओळखीचं काही लागतं, कारण दिवेही आपल्याच भाषाकुळातली, सिंहलीची सख्खी बहीण. आकडे ऐका : एकेह, देह, तिनेह. प्रेमाला शब्द आहे ‘लोअबि’. गाण्यांत तो इतक्या वेळा येतो की न शिकता पाठ होतो. तो ऐकला आणि मला आजोबांच्या पोस्टकार्डांचा शेवट आठवला, ‘लोभ असावा ही विनंती’. हृदयाला ‘हिय’ म्हणतात. आपण अजून ‘हिय्या’ करतो. ज्या बाईला मी परकी, दूरची, संशयास्पद करून छापलं तिच्या बोलण्यात माझ्या घरचे शब्द होते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१८ ला नंबी नारायणन यांना ५० लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितली. ते योग्यच झालं, उशिरा झालं. त्यांच्यावर पुस्तकं आली, सिनेमा आला, देशाने त्यांना पद्मभूषण दिलं. मालदीवच्या त्या दोघींचं काय, हा प्रश्न आपल्याकडे फार थोड्यांनी विचारला. फौझियांनीही भरपाई मागितली होती. खोटं प्रकरण कुणी रचलं याचा तपास सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीबीआयकडे दिला, तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या.

३१ ऑगस्ट २०२२ ला त्या श्रीलंकेत वारल्या. मी तेव्हा नोकरीत नव्हते. ओळखीच्या एका दैनिकाला फोन करून म्हटलं, निधनवार्ता मी लिहून देते, पैसे नकोत. आठ ओळी लिहिल्या. रात्री नऊच्या सुमारास डेस्कवरून एका मुलीचा फोन आला, आवाजावरून पंचविशीची असावी. म्हणाली, “मॅडम, इस्रोचं पाचव्या ओळीत आहे. ते वर घेऊन मथळ्यात टाकू का? नाहीतर लोकांना कळणार नाही या कोण.”

मी म्हटलं, “तुझ्याकडे दोन मिनिटं आहेत का?” पान सोडायला वेळ होता. तिला मी माझ्या कात्रणाबद्दल सांगितलं, मथळा वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं.

सकाळी अंक आला. आतल्या पानावर, एका कॉलमात, खालच्या बाजूला : ‘मालदीवच्या ज्येष्ठ अभिनेत्री फौझिया हसन यांचे निधन’. पाचवी ओळ पाचवीच होती.