हर्णै ते मालवण, ऐन मे महिन्यात: लाटा खरंच वाढल्यात का?

किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णै ते मालवण मेमध्ये करावं का, असं कुणी विचारलं तर घरातले शंभरातले नव्वद जण नको म्हणतील. उकाडा मरणाचा आणि गणपतीपुळ्याला गाडी लावायला जागा नाही. तरी मी मुद्दाम महिन्याचा उत्तरार्ध निवडला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत बंदरावर तांडेल (होडीचे प्रमुख), खलाशी, मासळीवाल्या सगळे भेटतात. समुद्रही कूस बदलायला लागलेला असतो. मला सगळ्यांना एकच विचारायचं होतं: वारा आणि लाटा पूर्वीपेक्षा वाढल्यात का?

हर्णैला संध्याकाळच्या लिलावाच्या वेळेला पोचा. होड्या आत नांगरलेल्या असतात आणि मासळी बैलगाडीने काठावर येते. त्या दिवशी वारा नावालाही नव्हता, पाण्यावर साधी सुरकुती नाही. तरी मधूनच एक लांब, बुटकी लाट यायची आणि गाडीची चाकं आसापर्यंत बुडवून जायची. गाडीवान दोन लाटांमधली फट धरून बैल हाकत होता. मी घड्याळ लावलं, तर दोन लाटांत पंधरा-सोळा सेकंदांचं अंतर. जवळच्या वाऱ्याने उठणारी लाट इतका वेळ घेत नाही, ती पाच-सात सेकंदांत पुढची घेऊन येते. शेजारी जाळं विणत बसलेल्या एका वयस्क तांडेलांनी हे घड्याळाशिवायच सांगितलं: वारा नसताना पाणी हलतंय म्हणजे वादळ दुसरीकडे आहे.

ते 'दुसरीकडे' म्हणजे बहुतेक वेळा दक्षिण महासागर, विषुववृत्ताच्या पलीकडे चाळीस-पन्नास अंशांवर, जिथे वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. सोळा सेकंदांच्या लाटांची ऊर्जा खोल पाण्यात ताशी साधारण ४५ किलोमीटरने सरकते. सात-आठ हजार किलोमीटर यायला तिला आठवडा लागतो. थंडीत याच किनाऱ्यावर इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात.

आता मूळ प्रश्न. मेलबर्न विद्यापीठाचे इयान यंग आणि अगुस्टिनस रिबाल यांनी १९८५ ते २०१८ या काळातल्या ३१ उपग्रहांची सुमारे ४०० कोटी मोजमापं एकत्र करून २०१९ साली 'सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला. रडारचा ठोका पाण्यावरून परत येतो, त्याच्या आकारावरून लाटेची उंची आणि जोरावरून वारा काढतात. जगभरात सरासरी लाटेत फरक थोडासाच आहे. जास्त वाढले आहेत ते जोरदार वारे आणि मोठ्या लाटा, आणि सगळ्यात जास्त दक्षिण महासागरात: तिथला जोरदार वारा सेकंदाला दीड मीटरने, म्हणजे ८ टक्क्यांनी, आणि मोठ्या लाटा ३० सेंटिमीटरने, म्हणजे ५ टक्क्यांनी. ३० सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून उंचीतले ५ टक्के ऊर्जेत १० टक्क्यांच्या घरात जातात. अर्थात उपग्रह बदलला, समुद्रातला बोया (लाटा मोजणारं तरंगतं यंत्र) बदलला की आकडाही थोडा सरकतो. सगळी मोजमापं एका पट्टीवर आणणं हेच या कामातलं सगळ्यात किचकट.

दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही फेरीबोटींत गाडी चढते. त्या खाडीतून जातात, त्यामुळे लाटांचा त्रास कमी. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आधी विचारून घ्या. चुकली तर मोठा वळसा पडतो.

रत्नागिरीला मिऱ्याचा बंधारा बघाच, सेल्फी काढायला नव्हे. टेट्रापॉडच्या, म्हणजे लाटा फोडायला टाकलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या मागे माड आणि घरं अगदी खेटून आहेत. तिथे ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी लाटा वाढल्या असंच सांगितलं. जमीन गेलीय हे डोळ्यांना दिसतं, पण तिचं सगळं बिल लाटांच्या नावावर फाडता येणार नाही. नद्यांतून येणारी वाळू उपसली जाते, एका ठिकाणी बंधारा घातला की शेजारच्या पुळणीची वाळू जाते. त्यात ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्याच मेमधलं तौक्ते. अरबी समुद्रातली तीव्र चक्रीवादळं अलीकडच्या दशकांत वाढली आहेत, हे हवामानशास्त्रज्ञही सांगतात. माझं मत असं, की लोक खोटं बोलत नाहीत, फक्त तीन-चार कारणं एका लाटेत मोजतात.

जाणाऱ्यांनी निघायच्या आधी हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाज आणि उंच लाटांचा इशारा पाहावा. तिथे तीन आकडे असतात: उंची, दोन लाटांमधला वेळ आणि दिशा. आपण सगळे फक्त पहिला बघतो. ती उंची सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर दिवसभरात एखादी जवळपास तीन मीटरची येऊ शकते. वेळ चौदा सेकंदांच्या वर आणि दिशा नैऋत्य असेल, तर आभाळ कितीही निरभ्र असो, आरे-वारेच्या खडकांवर जाऊ नका आणि गणपतीपुळ्याला गुडघ्यापुढे पाण्यात उतरू नका, तिथे वाळू एकदम उतरते आणि ओढ जबर आहे. ओला दिसणारा कातळ म्हणजे तिथपर्यंत लाट येऊन गेलेली. शांत पाणी हवं तर अष्टमीच्या आसपासची भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, धरा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, त्यात लांब लाटा आल्या की पाणी थेट बंधाऱ्यावर.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि मालवणचे जलक्रीडेचे खेळ मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात, ते पावसाळा सरेपर्यंत. किल्ला बघायचाच असेल तर उलटा प्रवास करा: आधी मालवण, मग वर हर्णैपर्यंत. आणि धक्क्यावरच्या होडीवाल्याने आज नको म्हटलं, तर जास्त पैसे देऊन दुसरा शोधू नका.