गिऱ्हाईकाची निगेटिव्ह गिऱ्हाईकाला

चीनच्या व्हिसाला ३३ बाय ४८ मिलिमीटरचा फोटो लागतो, मागं पांढरं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांमुळं हे माप मला तोंडपाठ झालंय. मशिनरी बघायला, ग्वांगझूच्या प्रदर्शनाला त्यांच्या फेऱ्या चालू असतात आणि निघायच्या आदल्या आठवड्यात सगळे धावतपळत फोटोला येतात. परवा असेच एक दादा आले होते. प्रिंट निघेपर्यंत मोबाईलवर काहीतरी भरून घेत बसले होते. विचारलं तर म्हणाले, "व्हीपीएन टाकतोय ताई. त्याच्याशिवाय तिकडं व्हॉट्सॲप चालत नाही. आणि आमच्या तिथल्या एजंटच्या आयफोनवर व्हीपीएनचं ॲप दिसतच नाही. ॲपलनं तिथल्या दुकानातनं काढून टाकलंय. म्हणून इथनंच न्यायचं."

"ॲपल तर अमेरिकेची कंपनी. त्यांनी का काढलं?"

"तिथल्या सरकारनं सांगितलं, काढलं. धंदा करायचा तर ऐकायला लागतंय ताई. आपण नाही का ऐकत?"

फोटो कापून पाकिटात घालून दिले, ते गेले. पण 'आपण नाही का ऐकत' हे माझ्या डोक्यातनं जाईना. कारण आमच्या घरात ऐकलं होतं. १९७६ साली.

आमचा स्टुडिओ कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे, वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, १९६८ साली काढलेला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं चालत पाच मिनिटं. बाबूराव पेंटरांनी या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, हे आण्णा कामाला आलेल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे. कामात त्यांची शिस्त जबरदस्त होती. आणि त्या काळी स्टुडिओची खरी मिळकत फोटो काढण्यात नव्हती, ती कॉप्यांत होती. निगेटिव्ह स्टुडिओकडंच राहायची, पावतीवर तिचा नंबर. घरात कुणी वारलं की लोक यायचे, 'दहाव्याच्या आत मोठा करून द्या.' पावती हरवलेली असली तरी अडायचं नाही. आण्णांच्या वहीत तारीख, नाव, गल्ली, किती जण, सगळं असायचं. आठ वर्षांपूर्वीचं पाकीट ते दोन मिनिटांत काढून द्यायचे. या वहीची पेठेत ख्याती होती.

७६च्या मार्चमध्ये, आणीबाणी चालू असताना, एका बैठकीनंतर सतरा जणांनी आमच्याकडं येऊन ग्रुप फोटो काढून घेतला. तीन आठवड्यांनी साध्या कपड्यातले दोघे आले. मी तेव्हा पाच वर्षांची, त्यामुळं हे सगळं आईकडनं ऐकलेलं. ते दोघे उद्धट नव्हते, चहा घेतला. आण्णांनी विचारलं, काही कागद आहे का? ते म्हणाले, मिसा माहिती आहे ना? खटल्याशिवाय आत टाकायचा तो कायदा. मग एकानं डार्करूममध्ये काम करणाऱ्या पोराचं नाव विचारलं, गाव विचारलं. बस्स, एवढंच. आण्णांनी वही उघडली. पाकीट दोन मिनिटांत निघालं.

त्या सतरांपैकी एक शिक्षक अकरा महिने आत होते. आणीबाणी उठल्यावर सुटले आणि नोकरीच्या अर्जाला फोटो लागला म्हणून आमच्याकडंच आले. आण्णांनी फोटो काढला आणि मग सगळं सांगून टाकलं. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "तो फोटो मी बघितलाच नाही हो. एक कॉपी काढून द्या." निगेटिव्ह तर गेली होती.

त्या दसऱ्याला आण्णांनी कपाट रिकामं केलं. ज्याची निगेटिव्ह त्याला घरी नेऊन दिली, काही पोस्टानं पाठवली. त्यानंतर फोटोबरोबर निगेटिव्ह देऊन टाकायची, वहीत फक्त पैशाचा हिशेब. आई फार चिडली होती. कॉप्यांचं काम गेलं, लोक निगेटिव्ह घेऊन कुठल्याही स्टुडिओत जायला लागले. आण्णा एवढंच म्हणायचे, "आपल्याकडं असलं की कुणीतरी मागणार. नसलं तर मागून काय करतोय?"

याहू या अमेरिकन इंटरनेट कंपनीची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली, तेव्हा आण्णांच्या खुर्चीत मी बसत होते. चीनमधल्या चांगशा शहरात शी ताओ नावाचा पत्रकार होता. तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन लष्करानं चिरडलं, त्याला २००४ साली पंधरा वर्षं होणार होती. त्या काळात काय छापायचं नाही, याच्या वरून आलेल्या सूचना त्याच्या वर्तमानपत्रात वाचून दाखवल्या गेल्या. त्यानं त्याची टिपणं याहूच्या ईमेलवरून अमेरिकेतल्या एका वेबसाइटला पाठवली. सरकारनं खात्याची माहिती मागितली, याहूनं दिली. २००५ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. याहूनं माहिती पुरवल्याचा उल्लेख निकालपत्रातच आहे. कंपनीचं म्हणणं असं की ज्या देशात धंदा करतो तिथला कायदा पाळावाच लागतो.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीनं याहूचे प्रमुख जेरी यांगना बोलावलं. त्यांच्या मागच्या रांगेत शी ताओची आई बसलेली होती. यांग वळले आणि तिच्यापुढं वाकले. समितीचे अध्यक्ष टॉम लँटोस स्वतः नाझींच्या तावडीतून वाचलेले. तंत्रज्ञान आणि पैसा यांत तुम्ही महाकाय असाल पण नीतीत खुजे आहात, असं ते यांगना तोंडावर म्हणाले. मुलगा सुटला २०१३ साली.

हे वाचताना आण्णा आणि गुरुजी माझ्यासमोर बसलेत असं मला वाटत होतं. आणि एक गोष्ट लख्ख कळली. मागणारा दारात उभा राहिला की ठरवायला फारसं काही उरत नाही. डार्करूममधल्या पोराचं नाव विचारलं की संपलं. खरं ठरतं ते त्याच्या आधी, कपाटात काय ठेवायचं आणि कुठं ठेवायचं तेव्हा. मोठ्या कंपन्यांचं 'आम्हाला कायदा पाळावा लागला' हे मला म्हणून अर्धवट वाटतं. पाळावा लागला हे खरं. पण पाकीट तिथं होतं का, आणि का होतं?

गूगलनं २००६ साली चीनमध्ये सर्च सुरू केला तेव्हा सरकारला नको असलेले निकाल गाळायचं कबूल केलं. ते मला पटत नाही, आजही नाही. पण त्याच वेळी त्यांनी ठरवलं की जीमेल आणि ब्लॉगर तिथं ठेवायचं नाही. लोकांची पत्रं तिथल्या कपाटात नकोतच. हे ठरवताना त्यांनी गिऱ्हाईकं सोडली, आण्णांनी कॉप्या सोडल्या तशीच. २००९ च्या अखेरीस हॅकर जीमेलच्या खात्यांमागं लागले, चिनी मानवाधिकार कार्यकर्त्यांची खाती त्यांना हवी होती, तेव्हा २०१० साली कंपनीनं गाळलेला सर्चही बंद केला. पुढं २०१८ मध्ये तिथंच परत जाण्याची गुप्त तयारी चालल्याचं बाहेर आलं आणि चौदाशेहून जास्त कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या. ते काम मग थांबलं. म्हणजे एकदा ठरवलं की झालं, असंही नसतं.

ॲपलचं मात्र मला खरंच वाईट वाटतं, कारण ते करू शकतात हे त्यांनी दाखवलं होतं. २०१६ साली एफबीआयनं एका आयफोनचं कुलूप उघडून मागितलं तेव्हा टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला. पण त्या देशात कोर्ट आहे, वर्तमानपत्रं आहेत, नकार दिल्यावर घरी जाऊन झोपता येतं. २०१७ मध्ये चीनमधल्या दुकानातनं व्हीपीएन ॲप गेली. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर तिथल्या ग्राहकांचा आयक्लाउड, म्हणजे त्यांचे फोटो-फायली साठवायची जागा, गुइझौ प्रांतात, सरकारच्या मालकीच्या कंपनीकडं गेला, आणि ती माहिती उघडायच्या, आधी अमेरिकेत असणाऱ्या डिजिटल चाव्याही तिकडं गेल्या. चाव्या आमच्याच ताब्यात आहेत असं ॲपल सांगतं. असतीलही. कपाट मात्र त्यांच्या घरात आहे. त्याच्या पुढच्याच जानेवारीत लास वेगासमध्ये कंपनीचा भला मोठा फलक लागला होता, की आयफोनवर जे होतं ते आयफोनवरच राहतं.

रशियात २०२१ साली पुतिनविरोधी नेते नवाल्नी यांच्या लोकांचं, कुणाला मत द्यायचं ते सुचवणारं ॲप ॲपल आणि गूगल दोघांनीही काढलं. तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरू असा दम दिला गेला होता. डार्करूममधला पोरगा.

माझ्या धंद्यातली गोष्ट पोलरॉइडची. नव्वदीत आमच्याकडं त्यांचा चार भिंगांचा कॅमेरा होता, पासपोर्टचे चार फोटो एका दमात. फिल्म महाग, पण एसटी पकडायच्या घाईतला माणूस पैसे मोजायचा. १९७० साली पोलरॉइडमध्ये कॅरोलाइन हंटर ही कृष्णवर्णीय केमिस्ट होती. तिला आणि तिचा सहकारी केन विल्यम्स याला कंपनीतच दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याच्या ओळखपत्राचा नमुना दिसला. तिथं कृष्णवर्णीयांना पासबुक बाळगावं लागायचं, ते नसलं की अटक, आणि त्यावरचा झटपट फोटो पोलरॉइडचा. त्याच देशात १९०८ साली गांधीजींनी नोंदणीचे दाखले जाळले होते, ते याच तऱ्हेच्या कागदांविरुद्ध. पोलरॉइड पुरोगामी म्हणून नावाजलेली कंपनी. बोभाटा झाल्यावर तिनं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, सरकारला माल विकणार नाही म्हणून सांगितलं, तिथल्या विक्रेत्याच्या कामगारांचे पगार वाढवायला लावले. हंटरला नोकरीवरून काढलं. आणि १९७७ साली उघड झालं की विक्रेता बिननावाच्या खोक्यांतनं, औषधाच्या दुकानाच्या नावानं बिलं फाडून, सरकारला फिल्म पोचवतच होता. मग कंपनी तिथनं निघाली. सात वर्षं गेली यात. त्या सात वर्षांत किती चेहरे त्या पुस्तकांवर चिकटले असतील, हा विचार पासपोर्ट फोटो कापताना मला येतो.

हे सगळं दूरचं, असं वाटायचं मला. लग्नाचे फोटो आता मी एका ऑनलाइन गॅलरीत टाकते. पाहुण्यांनी क्यूआर स्कॅन करायचा, स्वतःची सेल्फी द्यायची, की हजार फोटोंतनं त्यांचे तेवढे समोर येतात. लोकांना फार आवडतं. गेल्या वर्षी दसरा चौकातनं निघालेल्या एका मोर्चाचं काम होतं. रात्री सवयीनं ते फोटोही तिथंच चढवले. जेवायला बसले आणि घास हातात तसाच राहिला. आता कुणाहीकडं कुणाचाही एक फोटो असला की तो माणूस मोर्चात कुठं, कुणाशेजारी, काय धरून उभा होता, हे दोन सेकंदांत निघतं. आण्णांना दोन मिनिटं तरी लागायची.

त्या रात्री सगळं पुसलं. सकाळी गॅलरीवाल्यांना फोन केला, की चेहरे कुठल्या कपाटात राहतात, किती दिवस, मी पुसलं म्हणजे तुमच्याकडनंही पुसतं का? पलीकडच्या पोराला माहिती नव्हतं. त्यानं विचारून सांगतो म्हटलं, अजून सांगतोय. मी ती गॅलरी बंद केली. आता पेन ड्राइव्ह देते, तीस दिवसांनी माझ्याकडचं पुसते आणि पावतीवर तसं लिहिते. या सीझनला चार लग्नं त्यापायी गेली.

फाउंड्रीवाल्या दादांना परत आल्यावर मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे ताई. पण माझा साठ टक्के माल एकच कंपनी उचलते. तिनं काही सांगितलं तर मी नाही म्हणू शकत नाही, चाळीस घरं आहेत माझ्यावर." ते खोटं बोलत नव्हते. ॲपलचे बहुतेक आयफोन चीनमध्येच जोडले जातात, त्यांचीही गत हीच. म्हणून मी त्यांना विचारलं, की साठ टक्के एकाच ठिकाणी केव्हा झाले? ते थोडं थांबून म्हणाले, "हळूहळू."

आण्णांच्या नियमाची किंमत फक्त आमच्या घरानं दिली असं मी धरून चालले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरली. पाणी उतरल्यावर तिथनं एक मावशी आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत लग्नाचा अल्बम, चिखलानं जड झालेला. १९९४ चं लग्न, फोटो आण्णांनीच काढलेले. "तुमच्याकडं निगेटिव्ह असतील ना?" तुमच्याकडं नाहीत का, म्हटलं. त्या पिशवीकडं बघत राहिल्या. निगेटिव्हही त्याच ट्रंकेत होत्या.

मी त्यांना गुरुजींची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आता हे सुटं होतंय का बघा."

अल्बम स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवला. भिजलेले फोटो ओढायचे नसतात, पाण्याला काम करू द्यायचं आणि कोपऱ्याकडनं बोटानं हळूहळू सोडवायचं. दुपार तशीच गेली. छत्तीसपैकी एकोणीस सुटले. डार्करूमच्या जुन्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले. मावशी बाकावर बसून एकेक ओळखत होत्या, ही माझी नणंद, हा दीर, हे आमचे मामंजी.